ओला क्लोरीन, कोरडा क्लोरीन

लोखंडाची तापलेली तार क्लोरीनच्या बरणीत सोडली की तपकिरी धूर निघतो आणि फेरिक क्लोराइड तयार होतं, हे आपण शाळेत शिकतो. मग हाच क्लोरीन जगभर पोलादी सिलिंडरांतून आणि टँकरांतून बिनबोभाट कसा फिरतो? बहुतेकांना वाटतं, सिलिंडरला आतून काही खास लेप दिलेला असणार. तसं काही नसतं. आत साधं पोलाद असतं. फरक वायूत असतो, कारण भरण्याआधी त्यातलं पाणी काढून टाकलेलं असतं.

पाण्यामुळे एवढं काय बिघडतं? क्लोरीन पाण्यात गेला की हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोरस अशी दोन आम्लं तयार होतात, आणि दोन्ही मिळून पोलाद कुरतडतात. त्यातून बनलेलं फेरिक क्लोराइड स्वतःच ओल ओढून घेणारं. ते पाझरतं, ओघळतं आणि खालचं ताजं पोलाद उघडं पडतं. पुन्हा आम्ल, पुन्हा ओघळ. कोरड्या क्लोरीनमध्येही फेरिक क्लोराइड बनतंच, पण ते कोरडंच राहून पातळ थरासारखं पोलादाला धरून बसतं आणि क्लोरीनची पुढची वाट अडवतं. म्हणजे लेप असतो, पण तो क्लोरीननेच चढवलेला. पाणी आलं की तो धुऊन जातो. त्याला तापमानाचीही मर्यादा आहे. साधारण १२० अंश सेल्सिअसच्या पुढे साध्या पोलादावर विसंबत नाहीत, आणि फार तापलं तर पोलाद कोरड्या क्लोरीनमध्येही पेट घेतं.

आता टायटॅनियम बघा. ओल्या क्लोरीनमध्ये ते वर्षानुवर्षं टिकतं. त्याच्या अंगावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर असतो आणि त्याला ओरखडा गेला की तो पाण्यातला ऑक्सिजन घेऊन पुन्हा भरून येतो. पण क्लोरीन पुरता कोरडा केला की ही दुरुस्ती थांबते. मग बनतं टायटॅनियम टेट्राक्लोराइड. ते द्रव असतं, सहज उडून जातं, मागे थर उरत नाही, उष्णता वाढत जाते आणि टायटॅनियम चक्क जळू लागतं. म्हणून क्लोरीनच्या कारखान्यात ओल्या बाजूला टायटॅनियम आणि कोरड्या बाजूला पोलाद, ही अदलाबदल चुकूनही चालत नाही. पोलादासाठी जे पाणी घातक, तेच टायटॅनियमसाठी संरक्षण आहे. मला या विषयात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच.

हे पाणी काढायचं कसं? मिठाच्या पाण्याचं विद्युत अपघटन करून क्लोरीन मिळतो. तो बाहेर पडतो तेव्हा ८० ते ९० अंश तापलेला आणि वाफेने भरलेला असतो. ८५ अंशांना, हवेच्या नेहमीच्या दाबाला, त्या वायूचा निम्म्याहून अधिक भाग नुसती वाफ असते. तोच वायू १५ अंशांपर्यंत गार केला की वाफ दोन टक्क्यांच्याही खाली येते. म्हणजे बहुतेक काम साध्या गारव्याने होतं. मग अजून गार का करू नये? कारण सुमारे १० अंशांखाली पाणी आणि क्लोरीन मिळून फिकट पिवळे स्फटिक धरतात आणि नळ्या तुंबतात. १८२३ साली मायकेल फॅरेडे यांनी असेच स्फटिक बंद काचनळीत तापवले. आत तेलासारखे थेंब दिसले. पाहणाऱ्या एका डॉक्टरांना वाटलं, नळी नीट धुतलेली नसावी. पुढे नळी कापायला घेताच ती फटकन फुटली आणि तेल नाहीसं झालं. ते तेल म्हणजे स्वतःच्याच दाबाखाली द्रव झालेला क्लोरीन होता.

उरलेलं पाणी गंधकाम्ल शोषतं. उंच मनोऱ्यात वायू खालून वर चढतो आणि आम्ल वरून खाली उतरतं. या उलट्या दिशांमध्येच सगळी गंमत आहे. आत शिरणारा ओला वायू खाली आधीच पातळ झालेल्या आम्लाला भेटतो, आणि जवळजवळ कोरडा झालेला वायू शेवटी वर ताज्या, ९६ ते ९८ टक्के आम्लाला भेटतो. त्या आम्लावर पाण्याची वाफ जवळपास नसतेच, म्हणून शेवटचा ओलावाही तिथे उतरतो. दहा लाखांत पन्नास भागांहूनही कमी पाणी उरतं. इथे जाहिरातींतल्या ‘९९.९ टक्के शुद्ध’ या शिक्क्याबद्दल बोलायलाच हवं. उरलेला ०.१ टक्का म्हणजे दहा लाखांत हजार भाग. ते हजार भाग कशाचे, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला काडीचा अर्थ नाही.

हीच रीत अमोनियाला लावता येत नाही. त्याचं गंधकाम्लाशी अमोनियम सल्फेट होईल, म्हणून प्रयोगशाळेत तो कळीच्या चुन्यावरून नेतात. हायड्रोजन क्लोराइडला तोच चुना चालत नाही, कारण वायूच चुन्याला खातो. झिओलाइट या सच्छिद्र ॲल्युमिनियम-सिलिका खनिजाची सूक्ष्म छिद्रं पाणी छान टिपतात, पण हायड्रोजन क्लोराइड त्याच्या जाळीतलं ॲल्युमिनियम उपसून काढतो आणि गाळणीच ढासळते. त्यासाठी सिलिका जास्त आणि ॲल्युमिनियम कमी असलेलं झिओलाइट लागतं, किंवा आधीच क्लोराइड असलेलं मॅग्नेशियम क्लोराइड. ते पाणी धरतं आणि वायूला त्यात खाण्यासारखं काही उरलेलं नसतं.

क्लोरीनमधली दुसरी अशुद्धी पाण्याहून भयंकर आहे. मिठाच्या पाण्यात अमोनियाचे अंश असले की नायट्रोजन ट्रायक्लोराइड बनतं, आणि ते स्फोटक आहे. ते शोधणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ द्यूलाँ एक डोळा आणि हाताची बोटं गमावून बसले. १८१२ साली त्याच पदार्थाच्या दुसऱ्या एका स्फोटात इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांच्या डोळ्याला इजा झाली, टिपणं लिहायला माणूस हवा झाला, आणि वर आलेले फॅरेडे, तेव्हा बुकबाइंडर, त्यांच्याकडे आले. क्लोरीन उकळतो उणे ३४ अंशांना, हे ट्रायक्लोराइड ७१ अंशांना. त्यामुळे टाकीतला द्रव क्लोरीन उडत जातो तसतसं ते तळाशी दाट होत जातं. टाकी तळापर्यंत सुकू देणं म्हणूनच धोक्याचं.

याचा खरा बंदोबस्त वायूत नव्हे, मिठाच्या पाण्यात करतात. ते अल्कधर्मी ठेवून त्यात थोडा क्लोरीन सोडतात आणि अमोनिया आधीच मोडून काढतात. हा अमोनिया येतो कुठून? कधी खाणीतून. सैंधवाचे खडक फोडायला अमोनियम नायट्रेटची स्फोटकं वापरतात, त्यांचे अंश मिठाला चिकटून कारखान्यात पोचतात, आणि क्लोरीनच्या टाकीत पुन्हा स्फोटक होऊन बसतात.