वन्यजीव भ्रमणमार्ग (नागपूर परिसर)

दोन जंगलांमधल्या ज्या जमिनीवरून वाघ, बिबट, रानकुत्री ये-जा करतात, ती जमीन म्हणजे भ्रमणमार्ग. बोलताना सगळे 'कॉरिडॉर'च म्हणतात. नागपूरच्या उत्तरेला पेंच, नैर्ऋत्येला बोर, आग्नेयेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला, ही वाघांची जंगले. मधला मुलूख शेतीचा, महसुली पडीकाचा आणि झुडपी जंगलाचा. 2013 मध्ये 'जय' हा वाघ नागझिऱ्याहून कऱ्हांडल्यात आला तो अशाच जमिनीवरून, शंभराहून अधिक किलोमीटर चालून.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात 2006 साली आलेले कलम 38-ओ व्याघ्रप्रकल्पांची जमीन इतर कामांसाठी वळवण्यावर बंधन घालते, आणि ते त्यांना जोडणाऱ्या क्षेत्रालाही लागू होते. पण बांधकामाची परवानगी ठरते ती 1966 च्या नगररचना कायद्याखालील प्रादेशिक योजनेवर. म्हणून पगमार्क (पावलांचे ठसे), विष्ठा, शिकारीच्या नोंदी, नाले आणि झाडोरा नकाशावर मांडून झाला की भ्रमणमार्गाचा तो पट्टा मौजा (महसुली गाव) व खसरा (जमिनीच्या तुकड्याच्या) क्रमांकांत उतरवावा लागतो. तेवढे झाले नाही, तर प्लॉटचे ले-आउट पडताना अडवायला हाती कागद नसतो. महसुली दप्तरात 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेली जमीन हे वनच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी दिला. विदर्भातल्या जोडपट्ट्यांसाठी तो मोठा आधार आहे.

मनसर-खवासा दरम्यान राष्ट्रीय महामार्ग 44 पेंचमधून जातो. तिथे प्राण्यांसाठी रस्ता उचलून खाली 50 ते 750 मीटर रुंदीच्या नऊ वाटा सोडल्या आहेत. मार्च ते डिसेंबर 2019 मध्ये कॅमेऱ्यांनी तिथे 18 जातींचे वन्यप्राणी टिपले. 11 वाघ मिळून 89 वेळा गेले. वाट चालते ती जागेमुळे: प्राणी नाल्याच्या कडेने येतो, त्याच रेषेत ती हवी. तळाला मूळ माती-गवत, वर आवाज आणि दिव्यांचा झोत अडवणारी भिंत. खालून दुचाकी आणि गुरे जाऊ लागली, की चितळ तोंडाशीच थबकते.

कालव्याचे दुखणे निराळे. अस्तरीकरणाच्या गुळगुळीत उतारावर खूर टिकत नाही. पडलेले चितळ पोहून थकते आणि बुडते. ठरावीक अंतरावर चढून बाहेर येण्यासाठी खडबडीत उतार हवा, शिवाय मातीने झाकलेला रुंद पूल. बैलगाडीचा अरुंद पूल सावध प्राणी टाळतो.

शेतातल्या कुंपणात थेट वीज सोडणे बेकायदा आणि जीवघेणे. सौर कुंपण क्षणभराचा झटका देते, मारत नाही. पण सलग दहा शेतांना लागले तर पट्टा बंदच. नाल्यालगतची बाजू मोकळी ठेवून पिकाभोवतीच तार ओढली, तर शेतकरी आणि प्राणी दोघांचेही निभते.