सिक्लिड माशांतील आक्रमकता व मत्स्यालयातील तिचे नियंत्रण

सिक्लिडी या मत्स्यकुलातील 1,600 हून अधिक जातींचे वर्णन झाले आहे. आफ्रिकेतील मलावी, टांगानिका व व्हिक्टोरिया ही सरोवरे आणि मध्य व दक्षिण अमेरिका ही त्यांची प्रमुख आश्रयस्थाने होत. अंडी-पिलांची राखण हे या कुलाचे ठळक लक्षण. राखण म्हटली की जागा आणि जागा म्हटली की हद्द आली. टाकीतील बहुतेक मारामाऱ्यांचे मूळ येथे आहे.

चढाईची सुरुवात सहसा चाव्याने होत नाही. आधी रंग गडद होतो, पर ताठतात, कल्ल्यांची झाकणे फुगतात. दोघे शेजारी येऊन शेपटीने पाण्याचे फटकारे मारतात आणि मग जबड्यात जबडा अडकवून ढकलाढकली होते. निसर्गात हरलेला मासा निघून जातो. टाकीत तो पृष्ठभागालगत, फिल्टरच्या नळीमागे, पर मिटून फिकट अंगाने लटकत राहतो. मासे पाळणाऱ्या नवख्या माणसाला तो आजारी वाटतो व औषध सुरू होते.

ही आक्रमकता आतून साचत जाते की बाहेरून चेतवली जाते, याबद्दल मतभेद आहेत. ऑस्ट्रियन वर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी 1963 मध्ये पहिला पक्ष मांडला. शेजारी शत्रू नसला की नर जोडीदारिणीवरच तुटून पडतो, हा त्यांचा मुख्य दाखला. दोन जोड्यांमध्ये काच लावल्यास घरात शांतता राही, पण काच शेवाळून पलीकडचे दिसेनासे झाले की पुन्हा भांडणे होत, असे त्यांनी नोंदवले आहे. मात्र हायलिगेनबर्ग व क्रामर या संशोधकांच्या 1972 मधील प्रयोगांत, टांगानिकातील बर्टनी जातीच्या (तेव्हाचे वंशनाम हॅप्लोक्रोमिस, आताचे ॲस्टॅटोटिलापिया) नरांना प्रौढ जातभाईंपासून दूर ठेवले असता त्यांची चढाईची तयारी कमी होत गेली व प्रतिस्पर्ध्याचे रूप दाखवताच वाढली. मत्स्यालयातील अनुभव या दुसऱ्या पक्षाशी अधिक जुळतो. सारखे रंग किंवा सारखे पट्टे असलेले दोन नर एकत्र ठेवू नयेत, हा नियम त्यातूनच निघतो.

दगडांच्या गुहा व आडोसे असे रचावेत की एका टोकाचा मासा दुसऱ्याला दिसू नये. टाकी थोडी मोठी केल्याने फारसे साधत नाही. मिडास सिक्लिडवरील ओल्डफील्ड यांच्या 2011 मधील अभ्यासात बरीच मोठी व आतून गुंतागुंतीची टाकीच उपयुक्त ठरली. फार दांडगाई झाल्यास मार खाणाऱ्याऐवजी हल्लेखोरालाच काही दिवस बाहेर काढावे. मार खाणारा काढला की दुसऱ्या दुबळ्याची पाळी येते. परत सोडण्यापूर्वी दगड हलवल्यास जुन्या हद्दी मोडतात व तो नवखा ठरतो.

मलावीतील खडकवासी म्बुना गटासाठी मुद्दाम दाटी करण्याची प्रथा रूढ आहे. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवतात. दाटीमुळे मारामाऱ्या थांबत नाहीत, फक्त मार वाटला जातो. त्याची किंमत पाण्याला मोजावी लागते : माशांच्या उत्सर्गातून येणारा विषारी अमोनिया वाढतो, म्हणून भक्कम फिल्टर व वारंवार पाणी बदलणे अपरिहार्य. या गटात मेलॅनोक्रोमिस ऑरेटस विशेष तापट, तर पिवळा लॅबिडोक्रोमिस त्या मानाने सौम्य. डिस्कससारख्या माशांना मात्र ही दाटी मानवत नाही.

खुल्या पाण्यात फिरणारे डॅनिओ, स्वोर्डटेल इत्यादी चपळ मासे सोबत सोडण्याचा उपायही सांगितला जातो; येथे एक गैरसमज आहे. वर्तनशास्त्रज्ञ जॉर्ज बार्लो यांनी 1968 मध्ये हे तंत्र सुचवले ते प्रयोगातील सिक्लिडांची भीती घालवण्यासाठी. वर निर्धास्त फिरणारे मासे दिसले की खालचा सिक्लिड धोका टळला असे समजून बाहेर येतो. या चपळ माशांवर राग काढला जाऊन जोडीदारीण वाचते, तो परिणाम वेगळा.

कन्व्हिक्ट सिक्लिडच्या जोडीने अंडी घातल्यावर छोट्या टाकीत यातले काहीच पुरत नाही. तेथे मधली काच किंवा स्वतंत्र टाकी लागते. फ्लॉवरहॉर्न हा संकरित मासा सहसा एकटाच ठेवतात.