कॅटलॉगमधली १९०४ सालची क्लिप

फोटो आणि व्हिडिओ एकाच कॅटलॉगमध्ये, म्हणजे त्यांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, भरले आणि तारखेनुसार लावले, की पुष्कळदा सगळ्यात वर एक चमत्कारिक क्लिप येऊन बसते. तिची तारीख असते १ जानेवारी १९०४. क्लिप मात्र रंगीत, आवाजासकट, उघडच अलीकडची. पहिल्यांदा असं दिसलं तेव्हा मला वाटलं, फाइल बिघडली. फाइल धडधाकट होती. तारखेच्या जागी शून्य होतं, एवढंच, आणि व्हिडिओ फाइलीच्या हिशोबात शून्य म्हणजे १९०४.

जुन्या मॅकिंटॉश संगणकांचं घड्याळ १ जानेवारी १९०४ च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजायचं. ॲपलने १९९१ साली क्विकटाइम आणलं तेव्हा व्हिडिओतही तीच मोजणी घेतली. पुढे एमपी४ हा प्रकार क्विकटाइमच्याच रचनेवर बेतला गेला, त्यामुळे आज खिशातल्या फोनने काढलेली क्लिपसुद्धा आपलं वय १९०४ पासूनच मोजते. कॅमेऱ्याने वेळ लिहिलीच नाही, किंवा क्लिप कापताना, लहान करताना एखाद्या प्रोग्रॅमने ती पुसली, तर मागे उरतं शून्य. दुसरी चूकही होते. संगणकाच्या जगात १९७० पासून सेकंद मोजण्याची रीत फार पसरलेली आहे. एखाद्या प्रोग्रॅमने त्या रीतीने आकडा लिहिला आणि दुसऱ्याने तो १९०४ पासून वाचला, तर क्लिप नेमकी ६६ वर्षं मागे जाते. २०२० सालची क्लिप १९५४ ची दिसू लागते. तारखेतला फरक ६६ वर्षांचा असेल तर क्लिप हरवलेली नाही, ती चुकीच्या कॅलेंडरवर टांगली आहे, हे ओळखावं.

फोटोचं घड्याळ वेगळ्याच घराण्यातलं. फोटोतली माहिती ठेवण्याची एक्झिफ ही पद्धत १९९५ साली जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने ठरवली. तिच्यात वेळ साध्या मजकुरासारखी लिहिली जाते: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. कॅमेऱ्याचं घड्याळ जे दाखवत होतं, ते जसंच्या तसं. ती वेळ जगाच्या कोणत्या भागातली, हे लिहायला एक्झिफमध्ये २०१६ पर्यंत ठरलेली जागाच नव्हती. व्हिडिओतला सेकंदांचा आकडा मात्र जागतिक प्रमाणवेळेत असावा अशी अपेक्षा असते. फोन ती पाळतात, पण कित्येक कॅमेरे तिथेही स्थानिक वेळच कोंबतात.

याचा परिणाम असा. समजा, आपण ग्रिनिचपेक्षा सहा तास पुढे असलेल्या ठिकाणी आहोत. संध्याकाळी साडेसहाला सूर्यास्ताचा फोटो काढला आणि लगेच त्याच फोनने क्लिप घेतली. फोटोवर लिहिलं जातं १८:३०, क्लिपवर १२:३०. कॅटलॉगने टाइमझोनचा विचार केला नाही तर सूर्यास्ताची क्लिप भर दुपारी जाऊन बसते आणि एका प्रसंगाचे दोन तुकडे होतात. टॅग, म्हणजे फाइल शोधायला उपयोगी पडणारे शब्द, लावण्याआधी हा घोळ निस्तरायला हवा. कारण फोटो आणि क्लिप एकत्र ठेवण्याचा सगळा अर्थच एका प्रसंगाचं सगळं साहित्य शेजारी शेजारी यावं हा आहे. ज्या कामात दोन-तीन कॅमेरे असतील तिथे मी सुरुवातीलाच प्रत्येक कॅमेऱ्याने सेकंदकाटा दिसणाऱ्या एकाच घड्याळाचा एक फोटो आणि दोन सेकंदांची एक क्लिप घेते. नंतर कोणाचं घड्याळ किती पुढे-मागे ते त्यावरून कळतं, आणि बहुतेक कॅटलॉग सॉफ्टवेअरमध्ये निवडलेल्या सगळ्या फाइलींची वेळ एकदम तेवढीच सरकवता येते.

वेळ जुळली की टॅगचा प्रश्न येतो. टॅग लिहायचा कुठे?

फोटोच्या बाबतीत हे काम सोपं. जेपेग फाइलीच्या सुरुवातीलाच माहितीसाठी राखीव कप्पे असतात. वृत्तसंस्थांनी १९६५ साली स्थापन केलेल्या आयपीटीसी या संस्थेच्या मथळा-कीवर्डच्या चौकटी, फाइलीबद्दलची माहिती लिहिण्याची २००१ साली अडोबीने आणलेली एक्सएमपी पद्धत, सगळं तिथे मावतं. फाइल काही एमबीची. सॉफ्टवेअर तिची नवी प्रत लिहून जुनीच्या जागी ठेवतं आणि आपल्याला कळतही नाही.

व्हिडिओची फाइल म्हणजे डब्यात डबे. एका प्रचंड डब्यात चित्र आणि आवाज कोंबलेला असतो. दुसऱ्या, त्या मानाने इवल्याशा डब्यात अनुक्रमणिका असते: कोणती फ्रेम फाइलीच्या सुरुवातीपासून कितव्या बाइटवर आहे त्याची यादी. चित्रीकरण संपेपर्यंत ही यादी पूर्ण होत नाही, म्हणून कॅमेरा ती सहसा शेवटी लिहितो. मध्येच बॅटरी संपली तर कित्येकदा फाइल उघडतच नाही, त्याचं कारण हेच. चित्र सगळं असतं, ते कुठे आहे हे सांगणारं पान नसतं. इंटरनेटवर चढवायच्या क्लिपमध्ये ही अनुक्रमणिका मुद्दाम पुढे आणून ठेवलेली असते. आता अशा फाइलीत आपण दहा शब्दांचा टॅग घुसवला, तर त्यामागचं सगळं काही बाइट पुढे सरकतं आणि यादीतला प्रत्येक पत्ता चुकतो. सगळे पत्ते नव्याने लिहायचे आणि चार जीबीची फाइल पुन्हा उतरवायची, तीही दहा शब्दांसाठी. त्यात मध्येच वीज गेली तर मूळ क्लिप गमावण्याचा धोका.

म्हणून अनेक कॅटलॉग सॉफ्टवेअर व्हिडिओला हातच लावत नाहीत. टॅग स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतात, किंवा शेजारी एक छोटी मजकूर-फाइल बनवतात. मोटारसायकलला जोडलेल्या डब्यावरून तिला साइडकार म्हणतात. मला हा सावधपणा योग्य वाटतो. फक्त त्याची किंमत ठाऊक असावी. फोटो दुसऱ्या संगणकावर नेला तर त्याचे टॅग त्याच्या पोटातून सोबत जातात. क्लिप नेली तर ती कोरीच जाते. डेटाबेसचा बॅकअप नसेल तर काही वर्षांची मेहनत एका बंद पडलेल्या डिस्कबरोबर संपते. सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली तर आधी टॅग साइडकारमध्ये उतरवता येतात का, ते पाहावं.

साइडकारचीही एक खोच आहे. काही फोन एका ‘जिवंत’ फोटोसाठी दोन फाइली बनवतात: एक स्थिर चित्र आणि एक काही सेकंदांची क्लिप, दोन्हींचं नाव तेच, टिंबानंतरचं शेपूट तेवढं वेगळं. काही सॉफ्टवेअर साइडकारला नाव देताना ते शेपूट टाकून देतात. मग एकाच साइडकारवर फोटो आणि क्लिप दोघेही हक्क सांगतात, आणि एकाचे टॅग दुसऱ्याचे पुसतात. कॅमेऱ्यांच्या फाइलींची नावंही मुळात तोकडी. १९९८ साली ठरलेल्या नियमानुसार चार अक्षरं आणि चार आकडे, ०००१ ते ९९९९. दहा हजाराव्या चित्राला पुन्हा पहिला नंबर. फाइली डिस्कवर उतरवतानाच नावात तारीख, वेळ आणि कोणता कॅमेरा हे घातलं, तर यातली बरीच भांडणं सुरूच होत नाहीत.

हे सगळं झालं तांत्रिक. मला जास्त जवळचा वाटतो तो पुढचा भाग: क्लिपला टॅग लावायचा म्हणजे नेमकं काय लिहायचं?

फोटोला आपण नामं चिकटवतो. बाळ, खुर्ची, खिडकी, सकाळ. फोटो एका क्षणाचा, त्यामुळे टॅग सगळ्या फोटोला लागू. आता चार मिनिटांची क्लिप घ्या. बाळ जमिनीवर बसलं आहे, बराच वेळ काहीच होत नाही. मग ते खुर्ची धरून उभं राहतं, २ मिनिटं १० सेकंदांवर हात सोडून पहिलं पाऊल टाकतं आणि धपकन बसतं. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर या क्लिपमध्ये ७,२०० चित्रं आहेत, आणि ज्यासाठी क्लिप जपायची तो भाग शंभर चित्रांचाही नसेल. तिला ‘बाळ, खुर्ची’ असा टॅग लावला तर तो खोटा नाही, पण तो शोधणाऱ्याला चार मिनिटं बसवून ठेवतो. क्लिपला क्रियापद हवं: ‘चालतं’. आणि ते क्रियापद कुठून कुठपर्यंत लागू आहे तेही हवं.

ग्रंथालयशास्त्रात हा विचार फार आधी झालेला आहे. मूळचे गणिताचे अध्यापक असलेले एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण ही पुस्तकं विषयवार लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ज्ञानाचा कोणताही विषय एकाच खणात बसवायचा हट्ट त्यांनी सोडला आणि त्याचे पैलू वेगळे केले. त्यांनी पुढे पाच मूलभूत पैलू मांडले: व्यक्तिमत्त्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ आणि काळ. ऊर्जा म्हणजे तिथे चाललेली क्रिया. कॅटलॉगमधले टॅग मी याच पाचांवर बेतले आहेत. स्थळ आणि काळ बहुधा कॅमेराच देतो. कोण आणि काय, हे फोटोतही असतं. ऊर्जेचा रकाना फोटोंच्या बाबतीत बरेचदा रिकामा राहतो किंवा ओढूनताणून भरावा लागतो. क्लिपच्या बाबतीत तो पहिला भरावा. हसणं, पळणं, वाजवणं, शिवणं, भांडणं, निरोप देणं. वेगवेगळ्या पैलूंचे टॅग जोडले की ‘आजोबा’ आणि ‘वाजवणं’ अशा दोन शब्दांत नेमकी क्लिप हाती येते, आणि ‘आजोबा वाजवताना’ असं वेगळं फोल्डर करावं लागत नाही.

वेळेच्या तुकड्याला टॅग लावायची सोय एक्सएमपीमध्ये आहे. खूण कुठे सुरू होते, किती लांब आहे आणि तिच्यावर काय लिहिलंय, याला तिथे रीतसर जागा ठेवलेली आहे. पण फोटोंपासून सुरुवात झालेल्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये ती वापरलेली दिसत नाही. तिथे क्लिप म्हणजे हलणारा फोटो, एक फाइल आणि एक टॅगांची यादी. अशा ठिकाणी मी वर्णनाच्या चौकटीत हातानेच लिहिते: ‘२:१० पहिलं पाऊल’. शोध घेताना तो मजकूर सापडतो, तेवढं पुरतं. दुसरा मार्ग म्हणजे तो तुकडा कापून वेगळी क्लिप करणं. पण कापताना नव्या फाइलीची तारीख कापल्याच्या दिवसाची होत नाही ना, हे तपासावं, आणि मूळ क्लिप कधीही काढून टाकू नये.

कापण्यातही एक मेख आहे. व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण चित्र असतं, त्याला की-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं ते. त्यामुळे मधलंच एखादं चित्र दाखवायचं तर संगणकाला मागच्या की-फ्रेमपर्यंत जाऊन तिथून बदल रचत यावं लागतं. दर्जा न घटवता कापायचं तर काप की-फ्रेमवरच पडतो, आपल्याला हव्या त्या क्षणावर नाही. म्हणून दोन-चार सेकंद आधीपासून घ्यावं. कॅटलॉगमध्ये क्लिपचं जे छोटं चित्र दिसतं, तेही पुष्कळदा पहिल्या फ्रेमचं असतं, आणि पहिली फ्रेम म्हणजे बहुतेक वेळा जमीन, अंधार किंवा धूसर काहीतरी. ते बदलून क्लिपमधलं सगळ्यात बोलकं चित्र ठेवता येत असेल, तर टॅग लावण्याइतकंच ते उपयोगी आहे. डोळा वाचण्याआधी बघतो.

चेहरे ओळखणं, दृश्य कुठे बदललं ते शोधणं, बोलणं मजकुरात उतरवणं ही कामं आता यंत्र करतं. लागोपाठच्या फ्रेममधल्या रंगांचं प्रमाण अचानक बदललं, की दृश्य बदललं असं धरायचं, ही त्यातली जुनी आणि अजूनही चालणारी युक्ती. ही मदत जरूर घ्यावी. पण एक गोष्ट यंत्राच्या हातून निसटते, आणि ती माझ्याही हातून कित्येक वर्षं निसटली होती.

माझ्याकडे एक ४७ सेकंदांची क्लिप आहे. खिडकीबाहेर पाऊस पडतोय, बस्स. मी तिला टॅग लावला होता ‘पाऊस, खिडकी’. मावशी गेल्यानंतर तिचे फोटो शोधायला बसले, तर फारच थोडे निघाले. घरात कॅमेरा नेहमी तिच्याच हातात असायचा. फोटो काढणारा माणूस फोटोत नसतो. त्या रात्री हेडफोन लावून ती पावसाची क्लिप सहज ऐकली, आणि ३१ व्या सेकंदाला मावशी बोलली. अगदी जवळून, कारण माइक तिच्या हातातच होता.

तेव्हापासून कॅटलॉगमध्ये मी एक वेगळा टॅग ठेवला आहे: ‘आवाज’, आणि त्याच्याखाली माणसांची नावं. कोण दिसतं आणि कोण ऐकू येतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा फोटोला विचारताच येत नाही. जुन्या क्लिप एकेक करून ऐकत गेले. ज्या क्लिप ‘रस्ता’, ‘मांजर’, ‘ढग’ म्हणून पडून होत्या, त्यांतल्या कित्येकांत ती निघाली. कुठे गुणगुणताना, कुठे मला दामटताना, कुठे नुसता श्वास, चढ चढतानाचा. प्रत्येकीच्या वर्णनात सेकंद लिहिले. आता ‘आवाज, मावशी’ असं शोधलं की त्या सगळ्या एका रांगेत येतात, तारखेनुसार, तेव्हाच्या फोटोंच्या शेजारी. त्यातल्या सगळ्यात जुन्या क्लिपमध्ये तिच्या चपला आणि फरशी दिसते, आणि पहिल्याच सेकंदाला ती कोणाला तरी विचारते, “चालू झालं का गं हे?”