इकोत गुठळी नाही, मग पक्षाघात कशाने?

कार्डिओमायोपॅथीच्या, म्हणजे हृदयाच्या स्नायूच्या आजाराच्या, रुग्णाला पक्षाघाताचा झटका येतो. घरचे फाईल घेऊन धावतात. शेवटच्या टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) कागदावर लिहिलेलं असतं, ‘ईएफ २५ टक्के, ग्लोबल हायपोकायनेसिया, नो क्लॉट’, म्हणजे पंपिंग कमी, हृदय सगळीकडूनच मंद हलतंय, गुठळी नाही. मानेतल्या रक्तवाहिन्याही तपासणीत स्वच्छ निघतात. मग मेंदूतली वाहिनी बंद कशाने झाली? अशा वेळी उत्तर बहुधा हृदयातच असतं. ‘नो क्लॉट’ या दोन शब्दांवर सगळ्यांनीच जरा जास्त विसंबलेलं असतं, एवढंच.

आधी हिशोब बघू. निरोगी हृदयाचा डावा खालचा कप्पा भरला की त्यात साधारण १२० मिलिलीटर रक्त असतं. एका ठोक्यात त्यातलं ७० बाहेर पडतं, ५० मागे उरतं. डायलेटेड कार्डिओमायोपॅथीत स्नायू सैल पडून हा कप्पा फुगतो. समजा त्यात २५० मिलिलीटर मावतं आणि ईएफ, म्हणजे दर ठोक्याला बाहेर जाणारा वाटा, २५ टक्के आहे. बाहेर पडलं सुमारे ६२, मागे राहिलं १८८. बाहेर जाणारं रक्त फारसं घटलेलं नाही, म्हणून माणूस हिंडता-फिरता असतो, स्टेशनचा जिना थांबत थांबत का होईना चढतो. पण आत रेंगाळणारं रक्त मात्र पावणेचारपट झालेलं असतं. रेंगाळलेलं रक्त गोठतं. त्यातही कप्प्याचं खालचं टोक सगळ्यात कमी हलतं, म्हणून गुठळी बहुतेक तिथेच धरते. तिचा तुकडा सुटला की महाधमनीतून मानेच्या वाहिनीत, तिथून मेंदूत.

आता इकोची अडचण. छातीवर प्रोब ठेवतात तेव्हा हे टोक प्रोबच्या सगळ्यात जवळ येतं, आणि चित्राचा पहिला सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचा भाग नेमका गढूळ दिसतो. गुठळी देठावर लोंबत असेल तर चटकन कळते. भिंतीला चपटी चिकटलेली असेल तर ती स्नायूचाच भाग वाटते. संशय असेल तर शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट करणारं औषध) देऊन इको करतात, किंवा हृदयाचा एमआरआय. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट दिल्यावर आजूबाजूचा स्नायू आणि रक्त उजळतं. गुठळीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती काळीच राहते. हा फरक सहसा चुकत नाही. शिवाय एक साधी गोष्ट विसरली जाते: जी गुठळी सुटून मेंदूत गेली, ती झटक्यानंतरच्या इकोत कशी दिसणार?

वेळेचाही प्रश्न आहे. हृदयाच्या पुढच्या भिंतीला मोठा हार्ट अटॅक आला असेल तर गुठळी प्रामुख्याने पहिल्या दोन आठवड्यांत तयार होते. घरी सोडताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी केलेला इको स्वच्छ असला तरी पुढच्या दहा दिवसांची हमी देत नाही. ईएफ फार कमी असेल किंवा टोक अजिबात हलत नसेल, तर ‘इको पुन्हा कधी?’ हे डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्यावं. गुठळी सापडली तर रक्त पातळ करणारी गोळी साधारण ३ महिने देतात, मग पुन्हा इको किंवा एमआरआय करून पुढचं ठरतं.

गुठळीचा दुसरा रस्ता वरच्या कप्प्यातून जातो. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीत उलटं असतं. स्नायू जाड होतो (भिंत १५ मिलिमीटर किंवा जास्त), ईएफ ६५-७० टक्के येतो आणि रुग्णाला वाटतं, पंपिंग तर झकास आहे. हा आजार सुमारे ५०० जणांत एकाला असतो. जाड स्नायू ताठ असतो, रक्त भरून घेताना सैल पडत नाही. त्याचा दाब मागे डाव्या वरच्या कप्प्यावर येतो, तो कप्पा ताणला जातो आणि एक दिवस त्याची लय बिघडते. हेच एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टरांच्या तोंडचं ‘एएफ’. वरचा कप्पा आकुंचन पावण्याऐवजी नुसता थरथरतो, आणि त्याच्या कडेला असलेल्या पिशवीसारख्या कोपऱ्यात, अपेंडेजमध्ये, रक्त साकळतं. छातीवरच्या साध्या इकोत हा कोपरा नीट दिसत नाही. त्यासाठी अन्ननलिकेतून प्रोब घालून टीईई करावा लागतो.

इतर रुग्णांना एएफ झालं की वय, रक्तदाब, मधुमेह यांचे गुण मोजून रक्त पातळ करायचं की नाही ते ठरवतात. हायपरट्रॉफिकमध्ये एएफ सापडलं की गुण मोजत बसायचं नाही. रक्तस्रावाचं मोठं कारण नसेल तर गोळी सुरू करायची. ‘वय तर चाळीसच आहे, इकोस्प्रिन (ॲस्पिरिन) चालू आहे की’ हे उत्तर पुरत नाही. एएफमधली गुठळी ॲस्पिरिनला दाद देत नाही.

एएफ येतं-जातं, म्हणून एका ईसीजीत सापडेलच असं नाही. इकोच्या कागदावर ‘एलए’ (डाव्या वरच्या कप्प्याचा आकार) हा आकडा शोधा. तो ४५ मिलिमीटर किंवा जास्त असेल, तर हायपरट्रॉफिकच्या रुग्णाने दर ६ ते १२ महिन्यांनी ४८ तासांचा होल्टर (अंगावर यंत्र लावून घेतलेली ईसीजीची सलग नोंद) करून घ्यावा, अशी शिफारस आहे. घरी मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी बघा. ठोके कसेही, बेताल पडत असतील तर त्याच दिवशी ईसीजी काढा.

बाळंतिणींबद्दल वेगळं सांगायला हवं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर ५ महिन्यांपर्यंत पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी होऊ शकते. या काळात रक्त मुळातच लवकर गोठणारं असतं, त्यात हृदय सैल पडलेलं. दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही, पाय सुजलेत, दम लागतो, आणि घरात सगळे म्हणतात, बाळंतपणाचा अशक्तपणा आहे. इको करून घ्या.

मग ईएफ कमी असलेल्या सगळ्यांनाच रक्त पातळ करायची गोळी का नको? हे तपासून झालं आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या वॉर्सेफ चाचणीत ईएफ ३५ टक्के किंवा कमी, पण लय नियमित असलेल्या २,३०५ रुग्णांना वॉरफरिन (रक्त पातळ करणारी जुनी गोळी) किंवा ॲस्पिरिन दिलं. वॉरफरिनने गुठळीचे पक्षाघात जवळपास निम्मे झाले, पण मोठे रक्तस्राव वाढले आणि एकूण नफा हाती आला नाही. म्हणून लय नियमित आणि गुठळी नाही, तर केवळ ईएफचा आकडा बघून ही गोळी मागू नये. शेजाऱ्याला चालू आहे म्हणून तर नाहीच.

ज्यांना चालू आहे त्यांचे घोळ बहुतेक घरातच होतात. वॉरफरिन किंवा त्याच प्रकारच्या ॲसिट्रॉमवर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय याचा तपासणीतला आकडा) २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो. श्रावणात मासे बंद होऊन ताटात मेथी, पालक, माठ वाढला की व्हिटॅमिन के वाढतं आणि आयएनआर खाली येतो. भाजी सोडायची गरज नाही, आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवा. मेट्रोनिडाझोल (प्रतिजैविक) आणि ॲमिओडॅरोन (लयीवरचं औषध) आयएनआर चढवतात. यांतलं काही सुरू झालं की चार-पाच दिवसांत तपासणी हवी. रिव्हॅरोक्सॅबान, डॅबिगॅट्रान अशा नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण त्यांचा असर दिवसभरात उतरतो, म्हणून दोन डोस चुकले की संरक्षण संपलं. रिव्हॅरोक्सॅबान २० मिलिग्रॅम जेवणाबरोबरच घ्यायची. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडायची नाही आणि तिच्या मूळ पाकिटातून काढून सोमवार-मंगळवारच्या डबीत भरायची नाही. ती ओलाव्याने खराब होते, आणि मुंबईच्या जुलैत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. पावसाळ्यात ताप आला तर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही वेदनाशामकं घेऊ नका. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि रक्त आधीच पातळ असतं. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा.

झटका आलाच तर वेळ निर्णायक असते. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं एकही अचानक दिसलं तर १०८ लावा. जवळच्या नर्सिंग होममध्ये सलाईन लावत बसू नका. जिथे चोवीस तास सीटी स्कॅन आहे तिथेच न्या. असं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून ठेवा, कारण रात्री दोनला आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये उत्तर वेगळं असू शकतं. तोंडात पाणी, ॲस्पिरिन काही घालू नका: वाहिनी बंद झालीय की फुटलीय हे सीटीशिवाय कळत नाही. घरी ग्लुकोमीटर असेल तर साखर बघा. ती फार खाली गेली तरी चित्र असंच दिसतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हे तास रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला तिथपासून मोजतात. झोपेतून उठताना लक्षात आलं असेल, तर रात्री झोपायला गेला ती वेळ सांगा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा शेवटचा डोस किती वाजता घेतला, हेही तितकंच महत्त्वाचं. आयएनआर १.७ च्या वर असेल, किंवा नव्या गोळ्यांपैकी एखादी गेल्या ४८ तासांत घेतली असेल, तर सहसा ते इंजेक्शन देत नाहीत. मोठी वाहिनी बंद असेल तर मग मांडीतून किंवा मनगटातून तार घालून गुठळी काढण्याचा मार्ग उरतो, आणि निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंतही वापरतात. गोळीचं पाकीट सोबत न्या, नुसतं ‘ती गुलाबी गोळी’ सांगून भागत नाही.