रानपिंगळा आणि १९१४ ची खोटी चिठ्ठी

संध्याकाळी गावाबाहेरच्या तारेवर किंवा जुन्या वडाच्या ढोलीपाशी जोडीनं कलकलाट करणारा पिंगळा बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्याचा एक भाऊबंद सातपुड्याच्या सागवनात राहतो, तो रानपिंगळा. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच, पोट पांढरं, शेपटीवर रुंद पट्टे, पाय दणकट आणि पांढऱ्या पिसांनी झाकलेले. शिवाय घुबडांच्या कुळाला न शोभणारी एक सवय आहे. हा भर दिवसा, पानं गळालेल्या झाडाच्या शेंड्याजवळ उघड्यावर बसतो आणि शेपूट डावी-उजवीकडे झटकत राहतो. इतका समोर बसणारा पक्षी ११३ वर्षं जगाला हरवलेला होता.

१८७२ च्या डिसेंबरात पक्षी गोळा करणाऱ्या ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडमध्ये, फुलझरच्या बाजूला एक अनोळखी पिंगळा मिळाला. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमनं १८७३ मध्ये त्याचं वर्णन करून शास्त्रीय नावात ब्लेविटचं नाव घातलं. (काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात आपण ज्याचं नाव पाठ केलं, तोच हा ह्यूम. पक्षी हा त्याचा खरा नाद.) १८७७ मध्ये व्हॅलेंटाइन बॉल यांना ओडिशातल्या खरियारजवळ आणखी एक मिळाला. बाकीचे जेम्स डेव्हिडसन या खानदेशातल्या सनदी अधिकाऱ्याचे, शहादा-तळोदा भागातले. १८८४ नंतर काहीच नाही. सगळी मिळून जगातल्या संग्रहालयांत या पक्ष्याची भरून ठेवलेली जेमतेम सात कातडी.

त्यातल्या एकाच्या चिठ्ठीवर मात्र वेगळीच तारीख होती: ऑक्टोबर १९१४, तापीकाठचं मांडवी, गुजरात. संग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन. ब्रिटिश लष्करातला हा बडा माणूस, त्यानं आपली सुमारे वीस हजार कातडी ब्रिटनच्या संग्रहालयाला दान दिलेली. अशा माणसाच्या अक्षरावर शंका कोण घेणार?

पक्ष्याच्या कातड्याला चिठ्ठी नसेल तर ते शास्त्राच्या दृष्टीनं भुसा भरलेलं खेळणं. पायाला दोऱ्यानं बांधलेल्या त्या बोटभर कागदावर जागा, तारीख आणि नाव असतं, आणि एखादी जात कुठे होती, कधीपर्यंत होती, हे सगळं त्यावरूनच ठरतं. त्यामुळे १९१४ ची नोंद खरी मानली की रानपिंगळ्याचा शेवटचा ठावठिकाणा खानदेश उरत नाही, मांडवी होतो. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांनी १९७० च्या दशकात या पक्ष्याचा माग काढायचा प्रयत्न केला, तो हाती लागला नाही. मधल्या काळात रानपिंगळा म्हणून जी छायाचित्रं पुढे आली, ती तपासाअंती साध्या पिंगळ्याची निघाली.

गाठ सुटली ती अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांच्या कामात. दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या मार्गदर्शिकेसाठी त्या जुनी कातडी एकेक करून तपासत होत्या. माइनर्ट्झहागनच्या काही नोंदी बनावट असल्याचं ॲलन नॉक्स यांनी १९९३ मध्ये दाखवलंच होतं. कातडं भरण्याची प्रत्येकाची हातोटी वेगळी असते. शिवण, कापूस, पंखांची ठेवण, सगळ्यात फरक. मांडवीचा म्हणून ठेवलेला पिंगळा उसवून नव्यानं भरलेला होता, पण क्ष-किरणांखाली आतली जुनी हातोटी दिसली. ती डेव्हिडसनची होती. म्हणजे खानदेशात १८८० च्या दशकात मारलेला पक्षी संग्रहालयातून चोरून, चिठ्ठी बदलून, परत दान केलेला! रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे १९९९ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केलं. चोरापेक्षा मला राग येतो तो त्या चिठ्ठीनं शोधाची वाट किती सहज बदलली याचा.

मांडवी यादीतून गेल्यावर उरल्या फक्त एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या जागा. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडच्या जागी गेले. तिथल्या सपाटीवरचं जंगल शेतीत गेलेलं. मग ते खानदेशात आले आणि २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळच्या रानात किंगना झाडावर एक पिंगळा दिसला. बिनठिपक्यांचं डोकं, जाडजूड पांढरे पाय. डेव्हिडसनच्या जुन्या मुलखातच.

पुढचं काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं हाती घेतलं. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळ, मेळघाट, मध्य प्रदेशातला खंडवा असा पट्टा पिंजून काढला. त्यातून रानपिंगळ्याचा आवाज, शिकार, जुन्या झाडांच्या ढोलीतली घरटी यांची पहिली नीट माहिती मिळाली. धोकेही कळले: वनजमिनीवर सरकणारी शेती, सरपणासाठी जाणारी जुनी झाडं आणि घुबडाभोवतीचं मंत्रतंत्र. २०१४ मध्ये तर तो थेट मुंबईला पाणी देणाऱ्या तानसाच्या अभयारण्यात सापडला. पाठोपाठ डांगच्या पूर्णा अभयारण्यातूनही नोंद आली. दक्षिण गुजरातेत हा पक्षी आहे हे असं सिद्ध झालं, तेही माइनर्ट्झहागनच्या मदतीशिवाय.

२०१८ मध्ये धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत रानपिंगळा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर आला. बातम्या वाचून अनेकांना वाटलं, पक्षी वाढले. तसं नाही, शोधणारे वाढले आणि त्यामुळे जागा वाढल्या. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज २५० ते ९९९ असा दिला जातो. चौपट फरकाचा हा अंदाज सैल वाटेल, पण मोजणी कशी होते ते पाहिलं की कळतं. सकाळी सागाच्या रानात ठरावीक अंतरावर थांबायचं, ध्वनिमुद्रित साद वाजवायची आणि कान देऊन उभं राहायचं. आपल्या हद्दीत कोण आलं म्हणून नर उत्तर देतो. कधी देतच नाही, आणि तरी तो तिथेच, पलीकडच्या झाडावर बसलेला असू शकतो.