कंपनीच्या आराखड्यावर बाहेरचा हात

व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकातली ‘बाह्य पर्यावरणा’ची आकृती ठरलेली असते. मधोमध कंपनीचा चौकोन, भोवती राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक घटक आणि आत रोखलेले बाण. परीक्षेपुरती ती ठीक आहे. पण ती पाहून वाटतं की कंपनी आधी उभी राहते आणि बाहेरचे घटक नंतर तिच्यावर येऊन आदळतात. प्रत्यक्षात संचालक मंडळाची रचना, मर्यादित दायित्व (कंपनी बुडाली तरी भागधारकाचं नुकसान गुंतवलेल्या पैशापुरतंच), विभागवार अधिकारी या ज्या गोष्टी आपण कंपनीच्या ‘अंतर्गत’ समजतो, त्यांतल्या बऱ्याचशा कुठल्या तरी राजकीय तडजोडीने, अपघाताने किंवा कायद्याने आत आणून बसवल्या आहेत.

१६०२ साली स्थापन झालेली डच ईस्ट इंडिया कंपनी घ्या. मसाल्याच्या व्यापारात एकमेकांच्या मुळावर उठलेल्या डच व्यापारी मंडळ्यांना सरकारने एकत्र आणलं आणि व्यापाराच्या मक्तेदारीची सनद दिली. संचालक सतरा ठरले. त्यांतले आठ ॲमस्टरडॅमचे, चार झीलंडचे आणि उरलेल्या चार शहरांचा प्रत्येकी एक. हे झाले सोळा. सतरावी जागा ॲमस्टरडॅम सोडून इतरांनी आळीपाळीने भरायची. सगळ्यात जास्त भांडवल ॲमस्टरडॅमचं, पण एकट्याच्या बळावर बहुमत मात्र त्याला मिळायचं नाही! या आकड्यांत धंद्याचं गणित थोडं आणि शहराशहरांतली असूया जास्त आहे.

इंग्लंडमध्ये १७२० च्या बबल ॲक्टने सनदेशिवाय भागभांडवली, म्हणजे शेअर विकून भांडवल उभारणारी, कंपनी काढायला मनाई केली. तो कायदा १८२५ पर्यंत टिकला. त्या शंभर वर्षांत औद्योगिक क्रांती झाली, पण तिथले बहुतेक कारखाने भागीदारीत किंवा घराण्याच्या मालकीत चालले, यात नवल नाही. नोंदणी केलेल्या सर्वसाधारण कंपनीच्या भागधारकांना मर्यादित दायित्व मिळायला १८५५ साल उजाडलं.

अमेरिकेत एका अपघाताने बरंच काही घडवलं. ५ ऑक्टोबर १८४१ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टर्न रेलरोडच्या दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एक गार्ड आणि एक प्रवासी दगावले, सतरा जण जखमी झाले. मार्ग एकेरी, अंतर लांब, आणि कुठली गाडी कुठे थांबवायची हे नेमकं कोणी सांगायचं याचा पत्ता नाही. गहजब झाला, विधिमंडळाने चौकशी लावली. मग कंपनीने मार्गाचे तीन विभाग पाडले. प्रत्येक विभागात वाहतूक, रूळ आणि इंजिनं यांसाठी स्वतंत्र जबाबदार अधिकारी नेमले आणि कोणी कोणाला कळवायचं हे लेखी ठरवलं. पुढे १८५५ च्या सुमारास एरी रेल्वेच्या डॅनियल मॅक्कॅलमने अधिकारांची वाटणी दाखवणारा झाडासारखा तक्ता काढून घेतला. आज भिंतीवर लागणाऱ्या पदरचनेच्या तक्त्यांचा तो पूर्वज मानला जातो.

कायद्याचा परिणाम कधी कधी उलटाही होतो. अमेरिकेतल्या १८९० च्या शर्मन कायद्याचा निशाणा व्यापारात अडथळा आणणाऱ्या संगनमतावर आणि मक्तेदारीवर होता. पण भाव ठरवून घेणाऱ्या स्वतंत्र कंपन्या न्यायालयात अडकू लागल्या, आणि १८८९ पासून न्यू जर्सी या राज्यात एका कंपनीला दुसरीचे शेअर बाळगायची मुभा मिळू लागली होती. करार चालत नाही ना, मग एकच होऊन जाऊ, हा सरळ व्यापारी हिशेब. १८९५ ते १९०४ या काळातल्या प्रचंड विलीनीकरणांमागे इतर कारणंही होती, पण हे एक ठळक कारण होतं. पुढे १९११ मध्ये याच कायद्याखाली स्टँडर्ड ऑइल या तेलकंपनीचे ३४ तुकडे झाले.

हे सगळं घडत असताना विचारवंतांची नजर मात्र आतच होती. अमेरिकी अभियंता टेलर कामाची पद्धत मोजत होता, फ्रेंच खाण-व्यवस्थापक फेयॉल व्यवस्थापनाची तत्त्वं मांडत होता. बाहेरचं जग सिद्धांतात ठळकपणे आलं ते १९६० च्या दशकात. बर्न्स आणि स्टॉकर या संशोधकांनी १९६१ मध्ये दाखवलं की स्थिर बाजारात नियमबद्ध, उतरंडीची रचना चालते, पण तंत्रज्ञान झपाट्याने बदलू लागलं की तीच अडसर ठरते. १९८३ मध्ये डिमॅजिओ आणि पॉवेल या समाजशास्त्रज्ञांनी त्याहून बोचरं निरीक्षण मांडलं. एका क्षेत्रातल्या संस्था एकमेकींसारख्या दिसू लागतात त्या कार्यक्षमतेमुळेच असं नाही. कायद्याचा धाक, दुसऱ्याची नक्कल आणि व्यावसायिकांचं एकसाची शिक्षण हीही कारणं असतात. मला हा मुद्दा सगळ्यात पटतो. सल्लागार बदलला की नवी ‘पुनर्रचना’ का येते, त्याचं उत्तर यात आहे.

सावकाराचा हातही विसरून चालणार नाही. युद्धोत्तर जपानमध्ये पतपुरवठा आवळला गेला आणि टोयोटा दिवाळखोरीच्या काठावर आली. बँकांनी मदत केली ती अटींवर. १९५० मध्ये विक्रीसाठी वेगळी कंपनी काढावी लागली. त्याच वर्षी कामगारकपातीवरून संप पेटला आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी अध्यक्षपद सोडलं. गाडी बनवणारे एका कंपनीत आणि विकणारे दुसरीत, ही विभागणी १९८२ पर्यंत टिकली. संकट केव्हाच सरलं होतं, पण रचना तीन दशकं राहिली.

अलीकडचं उदाहरण युरोपातलं. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या माहिती-संरक्षण नियमांनुसार अनेक संस्थांना माहिती-संरक्षण अधिकारी नेमावा लागतो. तो कंपनीचा पगारी नोकर असू शकतो आणि थेट सर्वोच्च व्यवस्थापनाला अहवाल देतो. पण त्याचं हे काम कसं करायचं याबद्दल कंपनी त्याला सूचना देऊ शकत नाही, आणि ते केल्याबद्दल त्याला काढूही शकत नाही.