एम्स टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर? नाही हो!

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तो जुना फॉरवर्ड परत फिरतोय, की अमुक केमिकल एम्स टेस्टमध्ये (हे एम्स हॉस्पिटल नव्हे; केमिकल डीएनएत बदल घडवतं का, हे बघणारी ही टेस्ट) पॉझिटिव्ह आलं म्हणजे त्याने कॅन्सर होणारच, आणि निगेटिव्ह आलं तर बिनधास्त वापरा. दोन्ही चूक.

मुळात ही टेस्ट माणसावर नाही, साल्मोनेला बॅक्टेरियावर होते. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या ब्रूस एम्स या शास्त्रज्ञाने ती बसवली. यातला बॅक्टेरिया मुद्दाम बिघडलेला घेतात, त्याला हिस्टिडिन (वाढीला लागणारं एक अमिनो आम्ल) स्वतः बनवता येत नाही, म्हणून ते जेमतेम असलेल्या प्लेटवर तो नीट वाढतच नाही, पण केमिकलने त्याच्या डीएनएत नेमका तोच बिघाड उलटा फिरवला तर तो परत वाढायला लागतो आणि दोनेक दिवसांत प्लेटवर ठिपके दिसतात, ते मोजायचे. थोडे ठिपके तर काही न घालताही येतात, त्यामुळे साध्या प्लेटशी तुलना हवीच. सोबत उंदराच्या लिव्हरचा अर्कपण घालून बघतात, कारण बरीच केमिकल्स लिव्हरमध्ये गेल्यावरच उपद्रवी होतात.

आता गंमत बघा, सेवउसळीवर आपण मूठभर कांदा टाकतो ना, त्यातलं क्वेर्सेटिन या टेस्टमध्ये पॉझिटिव्ह येतं! उलट अ‍ॅस्बेस्टॉसने कॅन्सर होतो हे पक्कं आहे, तरी ते इथे साधारण निगेटिव्हच.

म्हणून टेस्ट बेकार असं नाही हं. 1975 मध्ये तपासलेल्या 169 हेअर डायपैकी 150 पॉझिटिव्ह निघाले होते, म्हणजे कशाकडे नीट बघायला हवं ते तिने दाखवलं. पण पॉझिटिव्ह म्हणजे पुढे पेशींवर, प्राण्यांवर तपासा, डोस किती ते बघा, इतकंच.